कोर्ट जे नेत नाही

"घरात काय काय आहे ते सांगा. अगदी सुईदोऱ्यापासून," करंजकर वकील म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

हे सांगायला लागले. लोखंडी कपाट एक, पलंग एक, टेबलफॅन दोन, त्यातला एक बंद. वकील लिहीत होते. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि माझा पाय काही केल्या थांबत नव्हता. शेवटी ह्यांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबला.

"शिलाई मशीन," हे म्हणाले.

"कुणाचं?"

"हिचं. माहेरून आणलेलं."

"मग ते तुमचं नाही. बायकोचं ते बायकोचं. पुढे?"

"कॅमेरा एक. जपानी. दोन लेन्सा आणि फ्लॅश. पेटीसकट कपाटात आहे."

कपाटात पेटी होती. कॅमेरा नव्हता. तो मी तीन दिवसांपूर्वी विकला होता आणि पेटीत दोन जुन्या चादरी घड्या करून ठेवल्या होत्या. हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

बावीस वर्षं झाली ह्या गोष्टीला. बार्शीत आमची कलर लॅब होती. ह्यांनी कर्ज काढून फोटो धुण्याचं मोठं मशीन आणलं, उद्घाटनाला गावभर पेढे वाटले, आणि वर्षभरात सोलापूरच्या लॅबवाल्यांनी निम्म्या दरात फोटो द्यायला सुरुवात केली. मागोमाग डिजिटल आलं. मशीन बँकेनं उचलून नेलं, तरी सात जणांचे मिळून पावणेसात लाख अंगावर राहिले. त्यातला सगळ्यात मोठा सावकार संपत बाबर. त्यानं कोर्टातून हुकूमनामा मिळवला होता, आणि आता तो ह्यांना दिवाणी कैदेत बसवायच्या मागे होता. त्यातून सुटायचा एकच रस्ता राहिला होता, तो म्हणजे नादारीचा अर्ज. सरळ सांगायचं तर दिवाळं काढायचं.

दिवाळं म्हणजे काय हे आम्हाला कुठं माहीत! आमच्या बोळातल्या बायका म्हणायच्या, दिवाळं निघालं की कोर्टाची माणसं येतात आणि ताटातला चमचासुद्धा नेतात. मी ते खरं धरून चालले होते.

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "हा कॅमेरा यादीत लिहायचा. पण घाबरू नका, तो जाणार नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे असं बघा वहिनी. माणूस नादार झाला म्हणून कोर्ट त्याला उघडा करत नाही. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, एवढं सोडतात. आणि कारागिराचं हत्यार सोडतात. सुताराचा रंधा नेला तर तो खाणार काय? सुधाकररावांचा रंधा म्हणजे हा कॅमेरा. बाबरचा वकील आडवा येईल, पण मी भांडेन. हा राहील."

ह्यांच्या तोंडावर सहा महिन्यांत पहिल्यांदा तरतरी आली. "एवढा राहिला तर मी उभा राहतो वकीलसाहेब," हे म्हणाले. "बाकी सगळं जाऊ दे. लग्नसराई तोंडावर आलीय."

आता सांगा, त्या क्षणाला मी कुठल्या तोंडानं बोलणार होते?

"दुसरं," वकील म्हणाले. "घेणेकरी म्हणून तुम्ही सातही जणांची नावं दिलीत. बाबर पहिला, ह्या भागीरथीबाई शेवटच्या, वीस हजार. गेल्या तीन महिन्यांत ह्यातल्या कुणाला पैसे परत दिलेत का? नीट आठवून सांगा. एकाला द्यायचे आणि बाकीच्यांच्या हातावर तुरी, हे कायद्याला चालत नाही. तसं दिलेलं कोर्ट मागे ओढून घेतं. आणि लपवलं तर अर्जच फेकून देतं. मग बाबर आहे आणि कैद आहे."

"छे छे. कुणाला एक पैसा दिला नाही," हे म्हणाले.

"सोमवारी प्रतिज्ञापत्रावर सही. शपथेवर असतं ते. एक अक्षर खोटं निघता कामा नये."

एक नाही, दोन गोष्टी खोट्या होत्या. कॅमेरा नव्हता, आणि भागूआत्यांचं देणं फिटलेलं होतं. दोन्ही माझेच उद्योग.

भागूआत्या आमच्या बोळात राहायच्या. नगरपालिकेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं आया म्हणून काम केलेलं, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. त्यांनी आपल्या मरणाचे पैसे साठवले होते. सरण, दहावा, तेरावा, सगळ्याचा हिशोब करून वीस हजार. 'माझ्या तेराव्याला कुणी कुणापुढं हात पसरायचा नाही,' असं त्या चारचौघात सांगायच्या. लॅबसाठी फोटोचे कागद आणायला पैसे अडले तेव्हा हेच पैसे त्यांनी आपणहून ह्यांना आणून दिले होते. आता त्या म्हातारीच्या दारात कोर्टाचा बेलीफ नोटीस घेऊन जाणार, आणि मी सकाळी नळावर तिच्यापुढे हंडा लावणार? मला ते सोसेना. मरणाचं देणं ठेवून दिवाळं काढलं तर वर जाऊन काय जाब देऊ, असं सारखं मनात यायचं.

म्हणून हे मंगळवारी सोलापूरला गेले होते तेव्हा मी कॅमेरा पिशवीत घातला आणि एस.टी.नं कुर्डुवाडी गाठली. तिथं प्रमोद ढावरेचा स्टुडिओ होता. तो ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. 'ह्यांनी पाठवलंय,' असं मी त्याला धडधडीत खोटं सांगितलं. त्यानं बावीस हजार मोजून दिले. त्यातले वीस संध्याकाळी आत्यांच्या हातात ठेवले, दोन डाळीच्या डब्यात. ह्यांना विचारलं असतं तर ते कधीच हो म्हणाले नसते, ह्याची मला खात्री होती. नाहीतरी सगळं जाणारच आहे, मग त्यातनं एका गरिबाचं तरी फिटू दे, असा माझा हिशोब. हुशारी कसली, नसता शहाणपणा!

घरी आल्या आल्या हे कपाटाकडे वळले. "कॅमेरा जरा पुसून ठेवतो."

"आत्ता नको!" मी जवळजवळ ओरडलेच. "जेवून घ्या आधी. आमटी निवतीय."

"बरं. रविवारी सकाळी करतो," हे म्हणाले. "निवांत करायचं काम आहे ते."

म्हणजे माझ्या हातात फक्त शनिवार होता.

शनिवारी सात वाजता मी आत्यांच्या उंबऱ्यात. त्या सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या, नाकावर कोरा करकरीत चष्मा.

"ये गं शैले. च्या टाकू?"

"च्या नको. आत्या, ते पैसे परत पाहिजेत."

"कंचे?"

"मंगळवारी दिलेले."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंगळवारी दिलंस आन् शनवारी मागतीस? ही काय भातुकली हाय व्हय गं?"

मी सगळं सांगितलं. वकील, यादी, तीन महिने, बाबर. त्या मान हलवत ऐकत होत्या. कॅमेऱ्यापाशी आले तशी त्यांची मान थांबली.

"सुधाकरचा कॅमेरा इकलास? त्याला न सांगता?"

"हो."

"माझं मढं सजवायला त्याचा हात तोडून आणलास व्हय!"

मी रडायला लागले. "मला वाटलं, तुमच्या दारात कोर्टाची नोटीस..."

"मग येऊ दे की! बाबरला येती, कागदवाल्याला येती, मलाच का नको? मी काय भीक घातली हुती तुमाला? रोख पैसं दिलेत. एकतीस वर्सं पगारपत्रकावर सही केलीय मी, अंगठा न्हाई. माझी नोटीस मला वाचता येती." त्या उठल्या, आत गेल्या, डबा वाजला. बाहेर येऊन त्यांनी नोटांचं पुडकं माझ्या मांडीवर टाकलं. "सातशे कमी हायत. चष्मा केला. आता तुझ्या वकिलाला चष्मा पायजे असंल तर तो बी ने."

हसावं की रडावं कळेना. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "पाया कसली पडतीस? जा आधी, कॅमेरा आण."

घरातले दोन हजार घातले. एकवीस हजार तीनशे झाले. दहाच्या गाडीनं कुर्डुवाडी. गाडीत अर्ध्या जागा रिकाम्या होत्या, तरी मी दाराशी उभी राहूनच गेले. बसवतच नव्हतं.

प्रमोद काउंटरमागे होता आणि कॅमेरा त्याच्या पुढ्यातच. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, सरांनी पाठवलं नव्हतं हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

"आता कळलं ना? मग दे. हे पैसे घे. सातशे दोन महिन्यांत देते."

"सातशेचा प्रश्न नाही. हा आला म्हणून मी माझा जुना परवाच काढून टाकला. बारा लग्नं धरलीत. लोकांचे आगाऊ पैसे घेऊन खर्च झालेत. उद्या मांडवात मी काय हात हलवत उभा राहू?"

"तुला शिकवलं कुणी रे?"

"सरांनी. म्हणून तर घासाघीस केली नाही. दुसऱ्यानं पंधराच्या वर दिले नसते."

मी त्याला नाही नाही ते बोलले. कृतघ्न म्हणाले, साप म्हणाले. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं, पण कॅमेऱ्यावरचा हात काढला नाही. खरं सांगायचं तर त्याचं काही चुकत नव्हतं. पण तेव्हा मला हे सुचतंय कुठलं! मी त्याचं पाणीसुद्धा न पिता बाहेर पडले.

रविवारी सकाळी ह्यांनी अंघोळ केली, एक मऊ फडकं शोधलं आणि पेटी पलंगावर आणून ठेवली. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच होतं.

"उघडू नका," मी म्हणाले.

"का?"

"त्यात चादरी आहेत."

मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं, कुर्डुवाडी, आत्या, परत आत्या, परत कुर्डुवाडी. तव्यावरची पोळी जळून घरभर धूर झाला, तरी मी बोलतच होते. माझं संपल्यावर ह्यांनी एवढंच विचारलं, "पैसे आत्ता कुठं आहेत?"

"डाळीच्या डब्यात."

"किती?"

"एकवीस हजार तीनशे."

ह्यांनी फडक्याची घडी केली, तव्याखालचा गॅस बंद केला आणि पायात चपला घालून बाहेर गेले. दुपारी आले, जेवले, झोपले. मला एक शब्द बोलले नाहीत. अहो, भांडतात तरी नवरे! मी घरभर भांडी आपटत फिरले, म्हटलं आता ओरडतील, मग ओरडतील. शांत.

सोमवारी करंजकर वकिलांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, तुम्ही हे शुक्रवारी का नाही सांगितलं?"

"शुक्रवारी सांगून कॅमेरा परत आला असता?"

"नाही. प्रमोदनं किंमत मोजून सरळ घेतलाय, ती विक्री कोर्टही मोडणार नाही." त्यांनी यादी पुढे ओढली आणि कॅमेऱ्यावर काट मारली. काट मारताना पेन जोरात दाबलं. "आता इथं लिहायचं, रोख रक्कम एकवीस हजार तीनशे, कॅमेरा विकून आलेली. आणि भागीरथीबाईंना दिले, परत घेतले, तेही तारखांसकट."

"मग ह्या पैशात दुसरा कॅमेरा घेऊ द्या की ह्यांना," मी म्हणाले. "हत्यार सोडतात म्हणालात ना?"

"हत्यार सोडतात. हत्याराचे पैसे सोडत नाहीत." वकिलांचा आवाज खाली आला. "ही रोकड कोर्टात जमा होणार. दुकानाचं डिपॉझिट आणि इतर किडूकमिडूक धरून सातही जणांत वाटली जाणार. ज्याचं देणं मोठं त्याचा वाटा मोठा. रुपयाला दहा-अकरा पैसे पडतील."

म्हणजे मी विकला नसता तर कॅमेरा आमच्या कपाटात राहिला असता आणि कोर्टानं त्याला हात लावला नसता. मी विकला म्हणून तो आता बाबरच्या खिशात जाणार होता. आणि ज्या आत्यांसाठी एवढा उपद्व्याप केला, त्यांच्या वाट्याला त्यातले काही शेकडे. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सही करत होते.

सोलापूरच्या कोर्टात सुनावणी लागली ती पाच आठवड्यांनी. बाबर पुढच्या बाकावर, पांढऱ्या कपड्यांत. आत्या नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, नऊवारी इस्त्री करून आलेल्या. बाबरच्या वकिलानं उठून पहिल्या झटक्यात तेच काढलं. साहेब, हा माणूस लबाड आहे, अर्जाच्या आधी सहाच दिवस किमती कॅमेरा विकला आणि शेजारणीला पैसे चारले.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "कॅमेरा कुणी विकला?"

हे उठले. उठले आणि तसेच उभे. ह्यांनी 'मी' म्हटलं असतं तर शपथेवरचं खोटं झालं असतं, आणि ह्यांच्या ओठांवर तेच येऊन थांबलंय हे मला दिसत होतं.

"मी विकला साहेब," मी मागून उठून म्हणाले. "ह्यांना माहीत नव्हतं. सगळंच जप्त होतं असं मला वाटलं. चूक माझी आहे."

"आन् पैसं मला दिलं हुतं," आत्यांनी न विचारता सांगितलं. "मी माघारी दिलं. सातशे न्हाई दिलं, त्याचा ह्यो चष्मा. हितं नाकावर हाय."

कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी कागद चाळले. प्रतिज्ञापत्रात सगळं तारखेनिशी होतं, चष्म्यासकट. त्यांनी बाबरच्या वकिलाला विचारलं, "ह्यात लपवलेलं काय आहे ते दाखवा." त्याला काही दाखवता आलं नाही. अर्ध्या तासात ह्यांना नादार जाहीर केलं आणि अटकेला मनाई मिळाली. करंजकर वकिलांनी ह्यांचा हात दाबला. आत्या म्हणाल्या, "चला, सुटला एकदाचा," आणि त्या उसाचा रस प्यायला पुढं निघाल्या.

कोर्टाच्या पायऱ्यांवर आम्ही दोघंच राहिलो. सुटल्याचा आनंद कुठला, पाच आठवड्यांचं तुंबलेलं माझ्या तोंडातून फुटलं. "अहो, एकदा तरी बोला! शिव्या द्या. चारचौघात थोबाडीत मारा. पण हे गप्प राहणं मला सोसत नाही. कॅमेरा घालवला मी तुमचा!"

हे पायरीवर बसले. मीही बसले.

"तू मला विचारलं असतंस तर," हे म्हणाले, "मीच जाऊन विकून आलो असतो."

"काय?"

"आत्यांचे पैसे मला काय बोचत नव्हते? मलाही ठाऊक नव्हतं हत्यार सोडतात म्हणून. तू नुसतं म्हणाली असतीस, आत्यांचं देऊ या, तर मी हो म्हटलं असतं. त्याच दिवशी."

"मग? मग तरी कॅमेरा गेलाच असता की."

"गेला असता. पण आपला गेला असता. चूक आपल्या दोघांची झाली असती." त्यांनी खिशातून कोर्टाचा कागद काढला, बघितला, परत ठेवला. "तू मी नाहीच म्हणेन असं धरून चाललीस. चौदा वर्षं संसार केल्यावर."

त्यानंतर ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आठवड्यानं कुर्डुवाडीला गेले आणि प्रमोदकडे रोजावर लागले. दिवसाला दीडशे रुपये, त्याचाच कॅमेरा, त्याचीच लग्नं. दोन वर्षांनी नादारी उठली, पुढे स्वतःचा डिजिटल घेतला, पोरीचं लग्न केलं, सगळं रीतसर झालं. लोक म्हणतात, सुधाकर पोरे सावरला.

मी मात्र त्या पायरीपासून ह्यांना सगळं विचारते. भाजी कुठली आणू, पडदे कुठले लावू, भावाला राखीला काय देऊ. विचारून विचारून जीव नकोसा करते त्यांचा. आणि ते दरवेळी हो म्हणतात. बावीस वर्षांत एकदाही नाही म्हणाले नाहीत. एकदा तरी म्हणाले असते, तर मी आज जरा स्वस्थ झोपले असते.